मोटारीतली बारीक किरकिर

कडी जागची हलत नव्हती. बांगडीएवढी पितळी कडी — मोटारीच्या दांड्यावर सैल फिरत राहायचं आणि खालच्या कुंडीतलं तेल वर आणायचं, एवढंच तिचं काम — आणि ती अशी चिकटून बसलेली, की भुजंगनं पेचकसाच्या टोकानं उचकटली तरी ढिम्म. भोवती पिवळट-तपकिरी काहीतरी थिजलं होतं, डिंकासारखं. त्यानं ते बोटावर घेऊन नाकाशी नेलं. करडई. दिव्याचं तेल! म्हणजे देवीचं... तो एकटाच हसला, आणि हसता हसता थांबला, कारण हसण्यासारखं अजून काही झालेलं नव्हतं.

काल दुपारी जिनिंगच्या वर्कशॉपातली ही लेथ बंद पडली. तिच्या विजेच्या मोटारीतून धूर निघाला, रायभाननं, म्हणजे यंत्रांचे पट्टे शिवणाऱ्या त्याच्या जोडीदारानं, धावत जाऊन खटका पाडला आणि सगळे हळहळले. भुजंग मिस्तरी सोडून सगळे. त्याला, खोटं कशाला बोला, बरं वाटलं होतं, अगदी मनापासून बरं.

कारण दसऱ्यापासून त्याला या मोटारीत एक आवाज ऐकू येत होता. बारीक, लांबून आल्यासारखी किरकिर, पट्ट्याच्या फटफटीखाली दडलेली. कान दिला की यायची, कान काढला तरी यायची, आणि हळूहळू — हेच वाईट — मोटार बंद असतानाही आल्यासारखी वाटायची, जेवताना, अंथरुणावर, न्हाव्यापुढं बसल्यावर... आणि दुसऱ्या कुणाला येईल तर शपथ! रायभाननं मोटारीला कान लावून पाहिलं आणि तोंड वाकडं केलं, "मला तं काईच ऐकू येऊन न्हाई राह्यलं बुवा." मालक काकासाहेब म्हणाले, "भुजंगा, कानातला मळ काढ एकदा. मोटार बराबर हाय." आणि नवी मोटार, लढाई संपल्यावर मुंबईहून मागवलेली, गोदामात खोक्यातच राहिली. जुनी चालतीय तोवर चालू दे.

मळ काढला असता हो, मळ असता तर. पण भुजंगचा बाप पुंजाराम, पिंपळगाव रेणुकाईचा, उभा जन्म मेंढरांमागं फिरलेला माणूस. मेंढरं विकली, वाडगं ओस पडलं, आणि म्हाताऱ्याला घुंगरं ऐकू यायला लागली. "सुटली रे, सुटली," म्हणत काठी घेऊन धावायचा आणि रिकाम्या वाडग्यात हाका मारायचा, एकेका मेंढीला नावानं. गाव हसायचं, कुणी मुद्दाम विचारायचं, "पुंजाबाबा, किती आली?" आणि तो मोजून सांगायचा... बापाचं नाक भुजंगला आलं होतं, बापाची चाल आली होती. मग हे का येऊ नये? अन् माझं तर पोटच कानावर, असं त्याच्या मनात यायचं, कान फितूर झाला तर मिस्तरी म्हणून कोण उभं करील मला?

एक त्याची बायको नंदाबाई होती. भाकरी घेऊन दुपारी यायची तेव्हा त्यानं तिला एकदा हळूच विचारलं होतं, "तुला येतो का गं काही आवाज?" तिनं डोक्यावरचा पदर मागं सारला, मान कलती केली, आणि म्हणाली, "येतो की. बारीक." त्या एका 'येतो की'वर त्याचे इतके महिने निघाले.

आता कडी तर चिकटलेली सापडली. आत बेअरिंग झिजून घासल्याच्या चकचकीत खुणाही सापडल्या. म्हणजे मोटार आजारी होती हे ठरलं. पण भुजंग धड होता हे कुठं ठरलं? मोटारही बिघडलेली आणि मिस्तरीही बिघडलेला, असं काय होत नाही जगात? ते कळणार नव्या मोटारीवर. तिच्यातही किरकिर आली तर... म्हणून कालच्या धुराचं तो घरी बोललासुद्धा नव्हता.

नवी मोटार चौथऱ्यावर चढली, बोल्ट आवळले, रायभाननं पट्टा चढवला. तेवढ्यात काकासाहेब आले, हातात निरांजन आणि तेलाची वाटी. दर खंडेनवमीला मानाचं पहिलं तेल मालकाच्या हातचं, देवीच्या दिव्यातलं, सरळ मोटारीच्या कुंडीत. वर्षानुवर्षं सगळ्यांनी हात जोडून पाहिलेलं, आणि आज तोच मान नव्या मोटारीला. भुजंगनंही.

"मालक, ते आत नका घालू," भुजंग म्हणाला. "करडई आटती अन् चिकट होती. जुनीचा घात तिनंच केला."

"देवीच्या तेलानं?" काकासाहेब कडीकडे पाहत राहिले, मग वाटीकडे. "अरे, मंग मान कुठं द्यायचा?"

"बाहीरून लावा की बोट. देवीला बाहीरूनबी कळतं."

काकासाहेब खो खो हसले आणि त्यांनी मोटारीच्या पाठीवर तेलाचं बोट ओढलं, वर हळदकुंकू. भुजंगनं कुंडीत मोटारीचं तेल भरलं, खटका दाबला. लेथ उलटी फिरायला लागली! रायभान ओरडला. पण हे तर साधं, दोन तारांची अदलाबदल. तारा बदलल्या, पुन्हा खटका, या वेळी सुलटी. त्यानं पेचकसाचं टोक बेअरिंगवर टेकवलं, मूठ कानाशी धरली, डोळे मिटले.

घुंऽऽ... नुसतं घुंऽऽ. तो वाट पाहत राहिला. दुसऱ्या टोकाला टेकवून पाहिलं. लेथ बंद करून पाहिली. चिमण्यांची चिवचिव, दूर मालगाडीची शिटी, रायभानचा खोकला. पुन्हा चालू. नाही. नव्हतीच! हुश्श... त्याच्या जिवात जीव आला, आणि तो तिथंच खोक्याच्या फळकुटावर बसला. कान शाबूत, डोकं शाबूत. मी बरा आहे, मी बरा आहे, असं तो मनात म्हणत राहिला, आणि कुणाला सांगावं तर घाबरलो होतो हेच कुणाला ठाऊक नव्हतं.

नंदाबाई दारात आली. लेथ चालू आहे एवढं तिनं पाहिलं, डोक्यावरचं टोपलं खाली ठेवलं, पदर मागं सारून मान कलती केली, आणि त्यानं विचारायच्या आधीच म्हणाली, "येऊन राह्यला की आवाज. रोजच्यासारखाच."

त्याचा हात पुन्हा पेचकसाकडे गेला. मग त्याला दिसलं, ती मोटारीकडे बघतच नव्हती. त्याच्या तोंडाकडे बघत होती, सासऱ्याला हाताला धरून वाडग्यातून घरात आणताना बघायची तसं.

त्याला हसू फुटलं. आवरेना, डोळ्यांत पाणी आलं तरी आवरेना.

"आता गं बाई! हसताय काऊन?" ती घाबरून जवळ आली.

आधी काय सांगावं हेच त्याला कळेना. आवाज गेला हे, की आवाज खरंच होता हे, की तिला तो कधीच आला नव्हता हे आपल्याला आत्ता कळलं, आणि त्याचा राग कसा तो येत नाहीये.