‘बसा’ म्हणेपर्यंत

मी वरच्या मजल्यावरच्या शेवटच्या वर्गातला स्पीकर बोलतोय. बोलतोय म्हणजे काय, माझं स्वतःचं असं काही नसतंच. खाली ऑफिसात कोणी माईकसमोर बोललं, की तेच मी इथं ऐकवतो. वर्गातलं खाली पोचवायची मला सोयच नाही.

मी नवा होतो तेव्हा मोठ्या बाईंनी, म्हणजे तेव्हाच्या मुख्याध्यापिकांनी, स्वतः समोर उभं राहून मला फळ्याच्या वर बसवून घेतलं. शिस्त कडक. सूचना सुरू झाली की सगळ्यांनी उभं राहायचं आणि त्यांनी ‘बसा’ म्हटल्याशिवाय बसायचं नाही. त्या स्वतःही माईकपुढे उभ्याच असत.

एके दिवशी सूचना अर्ध्यावर तुटली. “उद्यापासून सर्वांनी...” एवढंच आलं, मग काहीतरी पडल्याचा आवाज आणि नुसती खरखर. मोठ्या बाई कोसळल्या होत्या, त्या पुन्हा उठल्या नाहीत. बाकीच्या वर्गांत शिक्षकांनी मुलांना खाली बसवलं. आमच्या वर्गावर त्या तासाला कोणीच नव्हतं. शाळा सुटली, मुलं घरी गेली, त्यांचं उभं राहणं मात्र इथंच राहिलं. मला हे दुसऱ्या शब्दांत सांगता येत नाही.

पुढे वर्गाला कुलूप लागलं. माझ्या जाळीत कोळ्यांनी संसार थाटला. यंदा मुलं वाढली म्हणून खोली उघडली. पहिल्याच सूचनेला मुलं आपोआप उभी राहिली, नव्या मुख्याध्यापक सरांनी माईक बंद केला, तरी बसेचनात.

“अरे बसा की, आता काय मुहूर्त काढू?” वर्गबाई म्हणाल्या.

पुढच्या बाकावरची चष्मेवाली हळूच म्हणाली, “बाई, मागचे अजून बसले नाहीत. आम्ही कसं बसायचं?”

मागचे बाक रिकामे होते.

दर सूचनेला तेच. काल चष्मेवाली उभ्या उभ्या चक्कर येऊन पडली, तेव्हा वर्गबाई धावत खाली गेल्या. माईक चालूच होता, मला सगळं ऐकू आलं.

“पुढच्या आठवड्यापासून सूचना मोबाइलवर जातील, बाई. सोमवारी वायरमन ते डबडं काढणारच आहे.”

“सर, एकदाच ‘बसा’ म्हणा. माझ्यासाठी.”

सर हसले आणि म्हणाले, “बसा.”

सगळे बाक करकरले. रिकामेसुद्धा. मुलं बसली. मला इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू.

सरांनी माईक बंद केला. त्यानंतर माझ्यातून एक दमलेला आवाज आला.

“आणि मी?”

तो आवाज मी कसा विसरेन? सगळ्यांना बसवणाऱ्या मोठ्या बाईंना कोणी कधी बसा म्हटलंच नव्हतं. मला ते म्हणता येत नाही आणि सोमवारी माझी वायर कापतील. त्याआधी तुमच्यापैकी कोणीतरी ऑफिसात जा. माईकजवळ कोणी दिसणार नाही, तरी एक खुर्ची पुढे सरकवा आणि जरा आदरानं म्हणा, “बाई, बसा.”