तळ्यावरची खुर्ची

"आता बोलून काय मिळणार तुला?" एरोनं पाण्याचा जग टेबलावर ठेवला. "छत्तीस वर्षं गप्प बसलीस, आणखी दोन तास बस."

रायली खिडक्यांच्या कड्या तपासत राहिली. विद्यापीठाच्या या जुन्या सभागृहाची देखभाल ती आणि एरो करत. सव्वाबाराला ओना केत्तुलाच्या प्रबंधाची जाहीर परीक्षा होती आणि त्या प्रबंधात रायलीची एक चूक छापून आली होती.

दर मार्चमध्ये टेकडीखालच्या गोठलेल्या तळ्याच्या मधोमध एक लाकडी खुर्ची ठेवायची. ती बुडेल त्या दिवशी वहीत लिहायचं, 'बर्फ गेला'. इथं फक्त अध्यापक विद्यालय होतं तेव्हापासूनची ही रीत. विद्यालयाचं विद्यापीठ झालं, लाल विटांच्या इमारती तळ्यापर्यंत उतरल्या, पण वही तीच राहिली. पहिल्या पानावर पहिल्या रखवालदाराच्या अक्षरात ताकीद होती: खाडाखोड करू नये.

ओनानं याच वहीवर प्रबंध लिहिला होता. रिवाजाप्रमाणे त्याची एक प्रत दोरीनं सूचनाफलकावर टांगलेली होती. काल कॉफी पिता पिता रायलीनं ती चाळली आणि चौथ्या प्रकरणाशी थबकली. सत्त्याऐंशी साली बर्फ अकरा एप्रिललाच कसा गेला? उत्तर शोधायला ओनानं एकतीस पानं खर्ची घातली होती. तळाशी एखादा उष्ण झरा असावा, असा तिचा कयास होता.

झरा कुठला! त्या सकाळी नोकरीत नव्यानं लागलेल्या रायलीला खिडकीतून खुर्ची दिसली नाही. तिनं लगेच तारीख लिहिली. दुपारी जवळ जाऊन पाहते तो पोरांनी सॉनाच्या वाफाऱ्यानंतर डुबकी मारायला खुर्चीपाशीच बर्फ फोडलेला आणि खुर्ची त्यात गेलेली; भोकाच्या काठावर एक कुऱ्हाड आणि एक ओला लोकरी मोजा. पुढे तीन आठवडे लोक त्याच बर्फावर बसून मासे धरत होते. पण खोडायची तिची छाती झाली नाही.

ओना काळ्या पोशाखात आली तेव्हा रायली पुढे झाली. "ओना, एक मिनिट. चौथ्या प्रकरणाचं—"

"आत्ता नको गं, रायली! आत्ता मला कुणी माझं नाव विचारलं तरी चुकेन मी."

परीक्षा सुरू झाली. बाहेरगावाहून आलेल्या परीक्षकबाईंनी नेमकं चौथं प्रकरणच 'फार कल्पक' म्हणून वाखाणलं. दाराशी उभ्या रायलीचे कान तापले.

शेवटी अध्यक्ष, प्राध्यापक कार्हुला, उठले. "श्रोत्यांपैकी कुणाला आक्षेप असल्यास त्यांनी माझ्याकडे बोलण्याची परवानगी मागावी."

कुणीच मागत नसे. तेवढ्या शांततेत रायली दार उघडायला वळे. आज तिनं हात वर केला. एरोनं डोळे मिटून घेतले.

तिनं सगळं सांगितलं. भोक, कुऱ्हाड, मोजासुद्धा. "सत्त्याऐंशीची तारीख खोटी आहे. चूक माझी, ओनाची नाही."

कार्हुलांचा चेहरा कानांपर्यंत लाल झाला होता. "अध्यक्षानं मध्ये बोलायचं नसतं," ते पुटपुटले, "पण... मोजा माझा होता."

सभागृह खदखदून हसलं. ओना मात्र हसली नाही. पडद्यावरच्या आलेखापाशी जाऊन तिनं सत्त्याऐंशीचा तो एकटा ठिपका तळहातानं झाकला.

"दोन हिवाळे, रायली! दोन हिवाळे तो झरा शोधत मी तळ्यावर गारठले." मग ती मागे सरून पाहू लागली. "पण बघा ना, रेषा किती सुंदर येते आता."

परीक्षकबाईंनी मान डोलावली. ओना उत्तीर्ण झाली.

बाहेर येताच तिनं रायलीला गाठलं. "सहा वाजता जेवायला यायचं. आक्षेप घेणाऱ्याला बोलवावंच लागतं."

"चूकही माझी आणि जेवणही मलाच?"

"रीतच आहे तशी. आणि भाषणही करावं लागतं."

सहाला लख्ख ऊन होतं. अशा शेकडो जेवणांना रायलीनं पाहुण्यांचे कोट सांभाळले होते. निळ्या पोशाखात ती आत शिरली आणि सवयीनं थेट कोट जमा करायच्या फळीमागे जाऊन उभी राहिली.

"ए बाई," एरो म्हणाला, "पाहुण्यांनी त्या बाजूला."

ती फळीला वळसा घालून समोर आली. एरोनं तिचा कोट खांद्यांवरून उतरवला, खुंटीला लावला आणि कोट परत घ्यायचा पितळी बिल्ला तिच्या हातावर ठेवला. क्रमांक एकेचाळीस.

पोशाखाला खिसा नव्हता. ओनानं आभार मानता मानता तिचं नाव घेतलं, तेव्हा बोलायला उठलेल्या रायलीच्या मुठीत तो बिल्ला चांगलाच उबदार झाला होता.