घमेलंभर जेवण

डॉक्टरांनी आधी दादाकडे पाहिलं, मग त्याच्या पोटाकडे, आणि मग पुन्हा हातातल्या रिपोर्टकडे.

"रक्तगट जुळतोय," ते म्हणाले. "बाकीही सगळं जुळतंय. पण तुमच्याच यकृतात इतकी चरबी आहे की त्यातला तुकडा काढून तुमच्या भावाला लावता येणार नाही. तो त्यालाही पुरणार नाही आणि मागे राहील तो तुम्हालाही."

"मग?"

"आठ-नऊ किलो उतरवा. मग परत स्कॅन करू."

"कधीपर्यंत?" हे दादाच्या भावजयीनं विचारलं. आजारी माणूस तिचा नवरा होता.

डॉक्टरांनी रिपोर्ट मिटून बाजूला ठेवला. तेवढ्यात तिला उत्तर कळलं. तरी ते म्हणाले, "जितक्या लवकर तितकं बरं. दोन महिने मिळाले तर आपलं नशीब."

बाहेरच्या बाकावर नवरा बसला होता. तो इलेक्ट्रिशियन. शिडीवर माकडासारखा चढणारा माणूस, आता दोन जिने चढला की भिंत धरायचा. जुन्या काविळीनं आतल्या आत यकृत खाल्लं होतं, आणि कळलं तेव्हा फार काही उरलं नव्हतं. बायकोचा रक्तगट जुळत नव्हता, आईचं वय झालेलं. राहिला दादा. डॉक्टरांनी 'घरात कोणी आहे का?' एवढं विचारायचा अवकाश, तो "मी आहे ना" म्हणून मोकळा झाला होता.

दादा बेकरीत भट्टीवर काम करायचा. लग्न केलं नव्हतं. पहिलं लग्न आपलं जेवणाशी झालंय म्हणायचा. बेकरीत त्याला सगळे 'कोठार' म्हणत. तो जेवायला बसला की शेजारचा आपल्या ताटावर हात ठेवून बसे. भट्टीतून निघालेला पाव, त्यावर बोटभर लोणी, असे चार-पाच पाव तर त्याला नाश्त्यालाच लागत.

दवाखान्यातून आल्यापासून त्यानं खाणंच सोडलं. काळा चहा आणि पाणी.

"दादा, असं नका करू," भावजय म्हणाली.

"माझं तसंच आहे, टेलरबाई." ती घरी कपडे शिवायची, म्हणून तो तिला टेलरबाई म्हणायचा. "खाईन तर तुपाशी, नाहीतर उपाशी."

आठवडाभरातच तो भट्टीसमोर चक्कर येऊन पडला. पडताना हात तापलेल्या ट्रेवर टेकला आणि मनगटापासून कोपरापर्यंत कातडी सोलून निघाली.

ती त्याला ओढतच आहारतज्ज्ञ बाईंकडे घेऊन गेली. बाई स्वतः अंगानं चांगल्या भरलेल्या होत्या. त्यांना पाहून दादाला जरा धीर आला. त्यांनी त्याच्या हाताची पट्टी पाहिली, आणि बोलल्या त्या चांगल्याच फटकळपणे.

"उपाशी राहून यकृत सुधारत नाही, उलट बिघडतं. भावाला वाचवायचंय की त्याच्या शेजारी खाट टाकायचीय?"

दादा मान खाली घालून बसला.

"तुम्हाला जेवायला लागतं किती? दाखवा हातानं."

त्यानं लाजत दोन्ही हात पसरले. मधे घमेलं मावलं असतं.

"मग घमेलंभरच खा. पण त्यात काय भरायचं ते मी सांगणार." बाईंनी टेबलावर दोन वस्तू ठेवल्या. एक मोठा चमचाभर तेल, आणि एक लहानसा अख्खा कोबी. "दोन्हीत उष्मांक जवळपास सारखेच. सांगा, पोट कशानं भरेल?"

दादानं कोबीकडे असं पाहिलं, जणू लग्नासाठी स्थळ दाखवलंय.

त्या दिवसापासून भावजयीचं शिलाई मशीन दुपारनंतर बंद राहू लागलं. मंगल कार्यालयात जेवणावळीला वापरतात तसलं पातेलं तिनं आणलं. कोबी, गाजर, टोमॅटो, पालक, मशरूम आणि वर मूठभर मसूर घालून सूप. लसूण आणि मिरी सढळ हातानं, तेलाचा थेंब नाही. सालासकट उकडलेले बटाटे. वाफवलेला मासा. सायीशिवायच्या दह्यात किसलेल्या ढीगभर काकड्या. एका बलकात चार अंड्यांचं पांढरं फेटून केलेलं, ताटाएवढं आम्लेट. गोड म्हणून कलिंगड.

"हे जेवण आहे की चारा?" पहिल्या दिवशी दादा म्हणाला.

"चारा. आता रवंथ करा."

खाऊन होईपर्यंत त्याचा जबडा दुखला. पण पोट भरलं, अगदी गच्च. भुकेनं चक्कर यायची ती थांबली. तो भट्टीवर पुन्हा नीट उभा राहू लागला. आठवड्याच्या आठवड्याला ती मापाची टेप त्याच्या पोटाभोवती फिरवायची आणि काही न बोलता त्याच्या पँटी आत घ्यायची. वजन उतरत होतं. चार किलो उतरलं, पाच उतरलं.

आणि थांबलं.

पुढच्या आठवड्यात तसूभर हललं नाही. त्याच्या पुढच्या आठवड्यात उलट थोडं वरच गेलं.

इकडे नवऱ्याच्या पोटात पाणी भरू लागलं. पाय सुजले. डोळे हळदीसारखे झाले. तो दिवसा झोपायचा आणि जागेपणी भलतंच बोलायचा. एकदा तिच्या हातून पाणी घेताना तो अगदी सभ्यपणे म्हणाला, "थँक यू, ताई."

ती भांडं घेऊन स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडून तशीच उभी राहिली.

त्याच दिवशी दादाचा डबा परत आला तो घासताना तिला पहिल्यांदा दिसलं. कडेनं पांढरट पापुद्रा चिकटला होता. तिनं बोटानं खरवडून वास घेतला. लोणी. तिच्या घरात कित्येक आठवड्यांत लोणी आलंच नव्हतं.

बेकरीत मात्र लोण्याच्या वड्याच्या वड्या पडलेल्या असतात.

तिच्या डोक्यात तिडीक गेली. दुसऱ्या दिवशी नवऱ्याजवळ शेजारणीला बसवून ती दुपारच्या सुट्टीच्या वेळी बेकरीत जाऊन धडकली. आत पिठाचा आणि ताज्या पावाचा असा वास होता की तिच्याही तोंडाला पाणी सुटलं. लांब टेबलाशी कामगार गरम पाव मोडून खात होते. दादा मात्र त्यांच्याकडे पाठ करून, पिठाच्या पोत्यावर एकटाच बसला होता. तिच्यासमोरच त्यानं डबा उघडला.

"कोठारात आता गवत भरलंय!" एक जण ओरडला. सगळे हसले. दादाही हसला, पण मागे वळून पाहिलं नाही.

ती सरळ त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. "लोणी कुठाय, दादा?"

"तू इथे? त्याला काही..."

"ते ठीक आहेत. लोणी कुठाय विचारते मी. सुपात घालता ते."

हसणं थांबलं. दादानं डब्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. "मी घालतो?"

तिनं डब्यात डोकावून पाहिलं. सूप अजून गरमही केलेलं नव्हतं. चमचा कोरडा होता. आणि सुपावर पांढरी साय धरली होती, चांगली जाड.

"मला वाटलं, तूच घालतेस," दादा हळूच म्हणाला. "एवढे दिवस नुसतं पाण्यातलं खाल्लं, म्हणून तुला दया आली असेल. चव लागायला लागली होती. म्हणून मीही विचारलं नाही."

ती रोज संध्याकाळी पातेलं वरच्या मजल्यावर दादाच्या खोलीत नेऊन द्यायची. सकाळी त्यातून डबा भरून द्यायची ती वर दादाजवळच राहणारी आई.

दोघांनीही ते नाव तोंडातून काढलं नाही. ती तशीच माघारी फिरली.

सासूबाई वर खिडकीशी बसून मटार सोलत होत्या. सुनेचा चेहरा पाहूनच त्यांचे हात थांबले.

"आई, दादांच्या जेवणात लोणी तुम्ही घालता?"

"हो," आई म्हणाल्या. आढेवेढे नाहीत, काही नाही.

सून दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. ओरडायची तयारी करून आली होती; तोंडातून निघालं ते एवढंच, "का?"

"एकाचं पोट फाडणार आहेत. ते पुरत नाही म्हणून दुसऱ्याचंही फाडणार? धडधाकट आहे तो. चालता-बोलता मुलगा मी त्यांच्या टेबलावर नेऊन निजवायचा, आणि परत मिळेल का म्हणून बाहेर बसून राहायचं?"

"डॉक्टर म्हणाले ना, धोका कमी आहे."

"कमी म्हणजे आहेच ना?"

"आणि इकडे? काल मला 'ताई' म्हणाले ते! ओळखलं नाही मला! तुमचा नाही का तो मुलगा?"

आईंच्या मांडीवरची परात घसरली. मटार जमिनीवर घरंगळत गेले. "नवरा तुझा एकच आहे," त्या म्हणाल्या. "तुला निवडायचं नाहीये. माझे दोन्ही आहेत. मी कुणाला वाढू नि कुणाच्या ताटातलं काढू, ते सांग मला. तू त्याला विचारलंस तरी का कधी? सगळे नुसते वजन करत बसलात. बाजारात बोकडाचं करतात तसं."

खरंच सुनेनं विचारलं नव्हतं. तो 'मी आहे ना' म्हणाला होता, आणि तो शब्द तिनं घट्ट धरून ठेवला होता. सोडला तर तो मागे घेईल, ही भीती तिला होतीच.

जिन्यावर पावलं वाजली. दादा कामावरून तसाच उठून आला होता. भुवयांवर पीठ, धाप लागलेली. त्यानं जमिनीवरचे मटार पाहिले आणि काय झालं असेल ते त्याला कळलं.

"दादा," ती म्हणाली. "मी तुम्हाला कधी विचारलं नाही. आज विचारते. नको वाटत असेल तर नको म्हणा. मी पुन्हा तोंडातून शब्द काढणार नाही."

खालच्या मजल्यावरून नवऱ्याचं खोकणं ऐकू आलं.

"भीती वाटते," दादा म्हणाला. "खोटं कशाला बोलू? लोण्याची चव लागली तेव्हा मला कळलं होतं की काहीतरी गडबड आहे. वजन अडलं तेव्हा तर कळलंच. तरी मी गप्प बसलो. म्हटलं, अडतंय तर अडू दे. आपण नाही म्हटलं नाही, वजनानंच नाही म्हटलं." तो खाली बसला आणि एकेक मटार वेचून परातीत टाकू लागला. "पण आज तू बेकरीत येऊन उभी राहिलीस, तेव्हा आधी वाटलं, तो गेला. तेवढ्या एका क्षणात मला काय झालं ते माझं मलाच माहीत. द्यायचंय मला. आता विचारलंस म्हणून सांगतो, द्यायचंय."

"आणि तुला काही झालं तर?" आई म्हणाल्या.

"तर तू मला लोणी घालून वाचवलं नाहीस म्हणून रडशील. पण त्याला काही झालं, तर लोणी घातलं म्हणून रडशील. ते रडणं तुला झेपायचं नाही, आई."

आईंनी तोंडाला पदर लावला.

त्या दिवसापासून दादा खालीच जेवू लागला. आई खाली उतरल्या नाहीत. चार-पाच दिवस जिन्यावर त्यांचं पाऊल वाजलं नाही. मग एका सकाळी सून गाजरं चिरत असताना त्या आल्या, तिच्या हातातली सुरी काढून घेतली आणि पाटावर बसल्या. "एवढे जाड तुकडे केलेस तर शिजायचे कधी?" एवढंच बोलल्या. नंतर त्या रोज येऊ लागल्या. लसूण भाजून घातला की तेलाची आठवण येत नाही, हे त्यांनीच शोधून काढलं. दादा त्यांच्या हातचं ताटच्या ताट फस्त करायचा आणि वर "अजून आहे का?" म्हणायचा. असायचंच.

वजन पुन्हा उतरू लागलं. पण ते पुरतं उतरण्याआधीच नवऱ्याला दवाखान्यात भरती करावं लागलं.

स्कॅनच्या दिवशी डॉक्टर पडद्याकडे पाहत राहिले. दादा उघड्या अंगानं टेबलावर पडला होता. सून दाराबाहेर उभी होती, आई तिच्यामागे.

"चालेल," डॉक्टर म्हणाले. "अगदी काठावर आहे, पण चालेल. परवा घेऊ."

दोन्ही भावांना एकाच सकाळी, थोड्या अंतरानं आत नेलं. दादाला आधी. जाताना त्यानं आईच्या डोक्यावर हात ठेवला, जसा मोठ्यांनी लहानांच्या ठेवावा तसा. नवरा त्या वेळी शुद्धीत होता. "दादा खरंच आत गेला?" एवढंच त्यानं बायकोला विचारलं. ती हो म्हणाली, तेव्हा त्यानं तोंड भिंतीकडे वळवलं.

दिवस सरेना. दोघी प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर शेजारी शेजारी बसल्या होत्या. सुनेनं सोबत आणलेला डबा कुणी उघडला नाही. दुपार कलली तेव्हा हिरव्या टोपीतली नर्स बाहेर आली आणि दोघी एकदम उठल्या.

"दात्याचं ऑपरेशन झालं. ठीक आहेत. दुसऱ्यांचं अजून चालू आहे."

आई मटकन खाली बसल्या. सून उभीच राहिली. नंतरचे तास तिला एकटीचेच वाटले. पण थोड्या वेळानं आईंच्या खडबडीत बोटांनी तिचा हात धरला, आणि डॉक्टर स्वतः बाहेर येऊन "नव्या यकृतात रक्त खेळतंय, ते काम करतंय" म्हणेपर्यंत ती बोटं सैल झाली नाहीत.

दादाला चौथ्या दिवशी उठवून बसवलं. पोटावर लांबलचक टाके, नाकातली नळी नुकतीच काढलेली. नर्सनं त्याच्यापुढे वाटीभर पातळ खिमट ठेवलं. त्यानं दोन चमचे घेतले आणि वाटी बाजूला सारली.

"पोट भरलं," तो म्हणाला. आणि स्वतःच्याच बोलण्याचं त्याला इतकं नवल वाटलं की तो हसला. टाक्यांत कळ आली म्हणून कळवळला, आणि परत हसला.

काचेपलीकडच्या खोलीत नवऱ्यानं बायकोकडे पाहिलं. डोळ्यांतला पिवळेपणा अजून गेला नव्हता, पण नजर जागेवर आली होती. त्यानं तिला नावानं हाक मारली. आई दाराशी उभ्या होत्या. एकदा या खोलीत पाहायच्या, एकदा त्या खोलीत, आणि कुठे आधी जावं ते त्यांना काही केल्या ठरवता येईना.