आईचा वीटकरी स्वेटर

भरल्या खोलीतली माणसं ज्याला पाहून पोट धरून हसली, तो स्वेटर मी. वीटकरी रंगाचा, पुढून बटणांचा, दोन खिशांचा. आता कोपरावर विरलोय आणि खाली सैल पडलोय. माझ्याबद्दल सांगण्यासारखं तसं फार नाही. पण माझ्या निमित्तानं चांगल्या माणसांना माना खाली घालाव्या लागल्या, आणि तेव्हापासून कुणी माझ्याकडे टक लावून पाहिलं की मलाच चोरट्यासारखं होतं. म्हणून एकदाचं सांगून टाकतो.

मला विणलं मावशीनं. थोरल्या बहिणीला सूतगिरणीत सकाळच्या पाळीला जाताना थंडी वाजते म्हणून. मध्येच लोकर संपली, दुसरी आणली ती थोडी गडद निघाली, त्यामुळे माझी डावी बाही अर्ध्यावरून वेगळी दिसते. थोरलीनं मला घालून आरशात पाहिलं आणि म्हणाली, दोन हात दोन बायकांचे वाटतायत. दोघी बहिणी खूप हसल्या. त्या हसण्यात मला काही टोचलं नव्हतं.

ही थोरली म्हणजेच आई. तिची मुलगी तिला आई म्हणायची, ते ऐकून मलाही तीच सवय लागली. घरात मायलेकी दोघीच.

गिरणीतल्या यंत्रांचा आवाज असा, की आईच्या अंगावर माझा धागा न् धागा थरथरायचा. वर्षं गेली आणि त्या आवाजानं तिचे कान हळूहळू नेले. तिनं हे कुणाला सांगितलं नाही. 'काय म्हणालात?' असं पुन्हा पुन्हा विचारण्याऐवजी तिनं एक उत्तर ठरवून टाकलं होतं. कुणी काही बोललं की मान हलवायची आणि म्हणायचं, "हो का? छान."

बऱ्याचदा निभावून जायचं. एकदा शेजारच्या काकू तोंडाला पदर लावून, रडवेल्या होऊन सांगत होत्या की त्यांचे यजमान जिन्यावरून पडले, पाय मोडला. आई हसून म्हणाली, "हो का? छान." काकूंनी पुढे कित्येक दिवस आमच्या दाराकडे पाहिलं नाही. मुलगी तेव्हा शाळेत होती. ती आतल्या खोलीत जाऊन भिंतीकडे तोंड करून बसली. हळूहळू तिनं मैत्रिणींना घरी आणणं बंद केलं.

मुलगी मोठी झाली, नोकरीला लागली आणि संध्याकाळी नाटक करू लागली. तिची मंडळी म्हणजे जेमतेम पाच-सहा जणं. सायकल दुरुस्तीच्या दुकानावर एक लांबट खोली होती, तिथे त्यांची तालीम चाले आणि प्रयोगही तिथेच. सतरंज्या, काही खुर्च्या, खिडक्यांना काळं कापड. ही मंडळी तयार नाटक आणून पाठ करत नसत. आधी गप्पा, मग त्यातून प्रसंग करून बघायचे, जमेल ते ठेवायचं, नाही ते टाकायचं. असं महिनोन्महिने घोटून एक नवं नाटक उभं राहायचं. दिग्दर्शकाला सगळे दादा म्हणायचे. माणूस वाईट नव्हता, पण चांगला प्रसंग दिसला की त्याला दुसरं काही दिसायचं नाही.

एकदा दादानं सगळ्यांना सांगितलं की घरातली अशी एक वस्तू आणा, जिची तुम्हाला लाज वाटते.

मुलीनं कपाटातून मला काढलं. आई ओट्याशी भांडी घासत होती. नळ धो-धो चालू होता. मुलगी दाराकडे निघालेली, तशीच पाठ करून हळूच म्हणाली, "आई, तुझा स्वेटर नेते. नाटकात तुझ्यावर एक प्रवेश करीन म्हणते. चालेल ना?"

आईला मागे कुणीतरी बोलल्याचं तेवढं जाणवलं. ती म्हणाली, "हो का? छान."

मुलीनं ते होकार म्हणून घेतलं. मी तिच्या हातात होतो. तिची बोटं माझ्यात किती घट्ट रुतली होती, ते मला ठाऊक आहे.

तालमीत तिनं मला अंगात घातलं, बटणं मुद्दाम वरखाली लावली आणि आई केली. कुणी म्हणे घर जळालं, हिचं "हो का? छान." कुणी म्हणे मी तुम्हाला सोडून चाललो, हिचं "हो का? छान." खोलीतले सगळे लोळायचे बाकी राहिले. आईनं उभ्या आयुष्यात माझं एक बटण चुकीचं लावलं नव्हतं. पण हे सांगणार कोण? खरं तर मलाही त्या हसण्याची गोडी लागली होती. कपाटात माझ्याकडे कुणी पाहत नसे, आणि इथे मुलीनं माझ्या खिशात हात घालताच माणसं हसत होती.

नाटक त्या प्रवेशाभोवतीच वाढलं. नावही 'हो का? छान' असंच ठेवलं. पहिल्याच प्रयोगाला खोली भरली. चर्चा झाली, प्रयोग वाढले. आणि एके दिवशी मावशी हौसेनं आईला घेऊन आली. लेक काम करते आणि आईनं पाहिलं नाही हे तिला बरं वाटत नव्हतं. मुलीला कुणी आधी सांगितलंच नाही.

आई पहिल्या रांगेत बसली. मधल्या खुर्चीवर, मांडीवर पर्स धरून.

मुलगी मला घालून उजेडात आली आणि समोर आई दिसली. तिच्या पाठीला दरदरून घाम फुटला, मी ओला झालो. पण नाटक थांबवता येत नाही. पहिलं "हो का? छान" आलं आणि खोली हसली. आईनं डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, आणि मग तीही हसली. सगळ्यांच्या जरा मागून. प्रत्येक वेळी तसंच. लोक हसले की ती आजूबाजूला पाही आणि हसे. मावशी मात्र मान खाली घालून बसली होती. तिनं मला ओळखलं होतं.

शेवटच्या टाळ्यांत मुलगी नमस्कार करायलाही थांबली नाही. आत येऊन तिनं मला अंगावरून ओरबाडून काढलं, पुन्हा उचललं, आणि तोंडावर दाबून रडली. बाहेर आई सगळ्यांना सांगत होती, छान झालं, छान झालं.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. आई खिडकीशी बसून माझं कोपर रफू करत होती. मुलगी कितीतरी वेळ दारात उभी राहिली. मग समोर येऊन जमिनीवर बसली. शेवटी म्हणाली, "आई, काल लोक कशाला हसत होते, तुला कळलं का?"

आईनं सुई थांबवली नाही. "कळलं की. मला हसत होते."

मुलीचा चेहरा उतरला. आई सांगत राहिली. गिरणीत कुणालाच कुणाचं ऐकू यायचं नाही, त्यामुळे तिथल्या बायका ओठ बघून बोलायला शिकायच्या. तीही शिकली होती. माणूस समोर तोंड करून बोललं तर तिला जवळजवळ सगळं समजतं. घरात मात्र कुणी तसं बोलत नाही.

"काल दीड तास तू माझ्याकडे तोंड करून बोललीस," आई म्हणाली. "लहानपणापासून पहिल्यांदाच. एक शब्द चुकला नाही माझा."

"मग तू हसलीस कशाला?"

"पहिल्या रांगेत एकटीच गप्प बसले असते, तर तुझं काम बिघडलं असतं."

मुलगी तिच्या गुडघ्यांवर डोकं टेकून रडायला लागली. माझ्यातली सुई तिला लागू नये म्हणून आईनं मला बाजूला ठेवलं. मग तिच्या केसांवर हात फिरवत म्हणाली, नाटकात एक चुकलंय बघ. नुसतं मला समजत नाही म्हणून मी छान म्हणत नाही. पुन्हा विचारलं की समोरच्याच्या कपाळावर आठी पडते. ती बघायला नको वाटते. मुलीनं विचारलं, माझ्याही पडायची? आईनं पुन्हा मला मांडीवर घेऊन दोरा ओवला.

संध्याकाळी मुलीनं मंडळींना सांगितलं की हा प्रवेश असा होणार नाही. आईचं काम मंडळीतल्याच बँकेतल्या ताई करतील, बटणं सरळ लावून. आणि ती स्वतः मुलीचं, म्हणजे स्वतःचंच काम करील. बँकेत नोकरी करणाऱ्या त्या ताई एवढा वेळ पायाच्या अंगठ्याकडे बघत होत्या.

दादा वैतागला. "अगं, हसू गेलं तर राहणार काय त्यात?"

"मी राहीन," मुलगी म्हणाली. "पाठ करून उभी."

दादानं चष्मा काढला. मग खाली बघतच म्हणाला की तुझी आई हसताना मी विंगेतून पाहत होतो, आणि तेव्हा माझ्या मनात आलं की हेही नाटकात घेता येईल. एवढं बोलून तो उठला आणि उगाचच सतरंज्या घडी करत बसला.

नवं नाटक पहिल्याइतकं चाललं नाही. आधीचं बघून गेलेले दोघं-तिघं तोंडावर म्हणाले की पूर्वी जास्त मजा यायची. ताईंच्या अंगावरून मी पाहायचो. मुलगी आमच्याकडे पाठ करून बोलायची, ताई "हो का? छान" म्हणायच्या, आणि खोलीत कुणी हसायचं नाही. तिचे खांदे प्रत्येक प्रयोगाला थरथरायचे. ते तिला ठरवून करावं लागत नव्हतं.

आई पुन्हा येऊन बसली ती शेवटी शेवटी. या वेळी तिनं आजूबाजूला पाहिलं नाही. प्रयोग झाल्यावर मुलीचा चेहरा दोन्ही हातांत धरून म्हणाली, "बास कर आता हे. एवढी काही वाईट नव्हतीस तू."

ते नाटक तिथेच बंद झालं. आईनं मला परत मागितलं नाही. तिच्याकडे आता नवा स्वेटर आहे, बाजारातला. मी तालमीच्या खोलीत खुंटीवर असतो. माझ्या लोकरीवर धूळ बसली आहे, आणि तालमीला कुणी नवं आलं की विचारतं, हा कुणाचा? माझी एवढीच विनंती आहे की विचारत जा. मला अंगात घालण्याआधी विचारत जा.

परवा नव्या नाटकाच्या गप्पा सुरू झाल्या. मंडळीत नव्यानं आलेला एक शिक्षक आपल्या आजोबांची गोष्ट सांगत होता. म्हातारे रोज संध्याकाळी आरशातल्या स्वतःलाच पाव्हणा समजून चहा विचारतात. त्यानं ते करूनही दाखवलं. फार हुबेहूब केलं असावं, कारण सगळे हसले. दादाही हसला, आणि मग एकदम थांबला.

मुलगी उठली. "त्यांना सांगितलंयस, तू हे इथे करतोस म्हणून?"

शिक्षक म्हणाला, त्यांना काय कळणार आहे आता.

"कुठे राहतात?"

"इथेच. दोन थांबे पुढे."

मुलीनं चप्पल पायात सरकवली. "चल, आधी त्यांना विचारू." दादानं खिडकीवरचं काळं कापड बाजूला केलं आणि खोलीची किल्ली शोधली. शिक्षक जरा गोंधळून त्यांच्या मागे जिना उतरला, मग बाकीचे उतरले. बाहेरून कुलूप लागलं. त्या दिवशी तालीम झाली नाही.