हार्मेनने घातलेली जमीन

मित्रांनो, मी एक जुनी जमीन आहे. शेतातली नव्हे, घरातली. ओकच्या फळ्यांची. देव्हेंटर गावातल्या एका भाड्याच्या घरात माझं आयुष्य गेलं.

आमच्याकडं भाड्याचं घर मिळतं ते नागडं. खाली सिमेंट, वर लोंबती वायर. जमीन भाडेकरूनं आपली आणायची आणि जाताना आपली उचलून न्यायची. हार्मेन काही सुतार नव्हता, बेकरीत पाव भाजायचा. तरी गुडघे सोलवटून त्यानं एकेक फळी खिळे मारून बसवली. बायको दिनेके दारातून ओरडायची, "अहो पाववाले, ती फळी वाकडी आहे!"

"फळी सरळ आहे गं, तूच तिरकी उभी आहेस!"

त्यांची पोर योरिन माझ्यावरच रांगली. वाढदिवसाला पाहुणे खुर्च्या गोलात मांडून बसायचे, केक माझ्यावर सांडायचे. दिनेके मला मेण लावायची आणि आल्यागेल्याला दटावायची, "बूट काढा! माझ्या नवऱ्याची कंबर गेलीय या जमिनीत."

पुढं हार्मेन गेला. योरिनचा संसार मोडला आणि ती आईकडं परत आली.

"आई, घरावर माझंही नाव घालू या."

"नको गं. कागदावर दोघी दिसलो की सरकार माझं म्हातारपणाचं पेन्शन कापतं. मी काय उद्या मरतेय?"

मग आई अंथरुणाला खिळली. आईला उचलायचं की जमीन पुसायची? माझं मेण राहिलं ते राहिलंच. मी काळी पडले, पण तक्रार नव्हती.

दिनेके गेली आणि घरं भाड्यानं देणाऱ्या संस्थेचा माणूस आला.

"महिनाअखेर घर रिकामं करा, बाई."

"अहो, मी याच घरात वाढले. आईचं सगळं मीच केलं."

"दिसतंय मला. पण कागदावर तुम्ही इथं राहतच नाही. आणि ही जमीनही काढा. सिमेंट दिसलं पाहिजे."

"एवढी चांगली जमीन? पुढच्या माणसाला राहू द्या की!"

"उद्या फळी उचकटली तर तो माझ्या नावानं ओरडेल. नियम आहे."

योरिननं पहार आणली. पहिली फळी उचकटताना एवढंच म्हणाली, "बाबा, माफ कर." खिळे सहज निघेनात. हार्मेननं ते जन्मभरासाठी मारले होते. तिचे हात सोलले. आम्ही फळ्या, बहुतेक सगळ्या, रस्त्यावरच्या कचऱ्याच्या लोखंडी पेटीत पडलो, पावसात फुगलो.

चार-दोन फळ्या तेवढ्या तिनं नेल्या. आता ती गावाबाहेर, सुट्टीवाल्यांच्या तळावर, चाकांवरच्या एका जुन्या भाड्याच्या खोलीत राहते. घरासाठी संस्थेच्या यादीत नाव लावलंय; कैक वर्षं लागतील म्हणतात. सकाळी पाय टेकायला आम्ही तिच्या पलंगाशी पडून असतो. परवा तळाचा मालक डोकावून म्हणाला, "योरिन, उन्हाळ्यात या खोलीला गिऱ्हाईक येतं. तोवर दुसरीकडं बघ."

मित्रांनो, जमिनीला मेण जरूर लावा. पण तिच्यावर ज्याचे पाय टेकलेत, त्याचं नाव घरावर आधी लावा. आई जिती आहे तोवर लावा.

मला आता उचकटायला पहार लागणार नाही. या वेळी योरिननं खिळे मारलेच नाहीत.