एकेचाळीस शिक्के आणि तोकिए आजी

आमच्या वाडीत सूचनांची फाईल घरोघर फिरते. आतला कागद वाचायचा, त्यावर आडनावाचा शिक्का मारायचा आणि फाईल शेजारच्या दारात ठेवायची. यातलं वाचायचं काम कोणीच करत नाही. गटारसफाई असो की कचऱ्याचा वार, शिक्का मारला की सुटलो.

नोव्हेंबरात वाडीचे अध्यक्ष निशिगाकी यांनी कागद फिरवला: 'मंगळवारी संध्याकाळी समुद्रावर तीन दिवे तरंगताना मी पाहिले. आणखी कोणी पाहिले असल्यास शिक्का मारावा.' कागद परत आला तो एकेचाळीस शिक्के घेऊन. इनोउए मंडळी त्या मंगळवारी ओसाकाला लग्नात होती. त्यांचाही शिक्का होता, कारण घराची किल्ली आणि शिक्का शेजारणीकडे! एकेचाळीस घरांनी उडती तबकडी पाहिल्याचं पेपरात छापून आलं.

आता शिक्का मारून बसल्यावर नाही कोण म्हणणार? जो तो आठवू लागला. मासळीवाल्याला दिवे हिरवे दिसले होते, त्याच्या बायकोला तर आतली माणसंही दिसली. मी मिठाईवाला. मी तीन ठिपक्यांचे तबकडी-मांजू, म्हणजे गोड सारणाचे वाफवलेले गोळे, काढले, ते दुपारपर्यंत संपू लागले.

शिक्का नव्हता फक्त तोकिए आजींचा. त्या कागद वाचतात.

निशिगाकींनी त्यांना माझ्या दुकानातच गाठलं. "आजी, मारा की एक शिक्का. टोकियोहून टीव्हीवाले येतायत."

"मंगळवारी मी काहीच पाहिलं नाही. मी पाहिलं ते गुरुवारी सकाळी, माझ्या मुळ्याच्या शेतावर. एकच होतं, मोठ्या कढईसारखं. आवाज नाही की काही नाही. ते लिहा, मारते शिक्का."

"अहो, कशाला घोळ घालताय! तीन ठरलेत ना?"

"हा केन्सुके होता तिथे, लोणच्याचे मुळे न्यायला आलेला. विचारा याला." मग आजी माझ्याकडे वळल्या. "टीव्हीवर सांगशील ना रे? मुलगा आधीच म्हणतो मला भ्रम होतो. वृद्धाश्रमाचे फॉर्म भरून ठेवलेत त्याने."

मी होतो तिथे. मीही पाहिलं होतं. आम्ही दोघं मातीत बसकण मारून वर बघत राहिलो होतो. पण तेवढ्यात गिऱ्हाईक आलं आणि मी मांजू बांधायला लागलो.

शनिवारी सगळी वाडी नवे कोट घालून धक्क्यावर हजर. आजींनी कॅमेऱ्यासमोर आपलं सांगितलं. लोक हसले, सगळ्यात मोठ्याने इनोउए.

"वय झालं की दिसतं असं काहीबाही," निशिगाकी प्रेमाने म्हणाले.

आजींनी माझी बाही धरली. टीव्हीवाल्या मुलीने माईक माझ्यापुढे केला. "तुम्ही काय पाहिलंत?"

निशिगाकी बघत होते. सगळी गिऱ्हाइकं बघत होती.

"मंगळवारी संध्याकाळी," मी म्हणालो, "तीन दिवे."

वाटलं, आजी चारचौघांत माझी लाज काढतील. काढली असती तर बरं झालं असतं. त्यांनी बाही सोडली, पिशवीतून आपला शिक्का काढला आणि कॅमेऱ्याकडे बघत म्हणाल्या, "आणा तो कागद. मी शहाणी आहे."