कापशीची फणी

मित्रांनो, मी एक जुनी शिसवी फणी आहे. दोन्ही बाजूंना दात, आणि तेही इतके बारीक की ऊ तर सोडाच, लीखही माझ्या तावडीतून सुटत नसे. भडगावच्या बाजारातून भिकुबाईने मला आणलं ते तिच्या लेकीसाठी, लिलासाठी. गिरणा नदीकाठच्या त्यांच्या घरी रोज सांजेला माय ओट्यावर बसायची आणि मला घेऊन लेकीचे केस विंचरायची. खोबरेल पिऊन पिऊन मी काळीभोर झाले होते आणि, खोटं कशाला बोलू, थोडी चढूनही गेले होते.

मग लिलाचं लग्न झालं. ती धुळ्याला सासरी गेली आणि मी मागे राहिले. माझ्या दातांत तिचे चार केस अडकलेले होते, म्हणून भिकुबाईने मला धुतलं नाही. दिवा लावून झाला की ती मला कोनाड्यातून काढायची, नाकाशी धरायची आणि परत ठेवायची. आम्हा दोघींना एकाच डोक्याची ओढ होती.

लिलाची पांढरीशुभ्र मांजर कापशी, तीही मागे राहिली होती. निघताना लिला म्हणाली होती, "माय, आखाजीले येसू तवय इले लई जासू. जपजो." आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आली की ती कापशीला घेऊन जाणार होती.

दिवाळीनंतर घरात कापूस भरला. भाव चढेपर्यंत आमच्याकडे कापूस घरातच असतो, आणि त्यात उठणाऱ्या-बसणाऱ्या प्रत्येकाला खाज सुटते. त्यामुळे कापशी अंग खाजवू लागली, तेव्हा कोणालाच नवल वाटलं नाही. लिलाचे वडील अभिमन आबा म्हणाले, "कापूसनी खाज शे ती. गोठामा ठेव, बरी व्हई जाई."

आबांचा हेतू चांगलाच होता, पण मांजर आगीतून फुफाट्यात पडली. गोठ्यात पिसवांचं राज्य. कापशीने पाठ चावून चावून लालभडक केली, शेपटीपाशी केस उरले नाहीत. भिकुबाईच्या तोंडचं पाणी पळालं. आखाजीला लेकीच्या ओटीत काय घालायचं? तिने मांजर टोपलीत घातली, वरून फडकं बांधलं आणि भडगावला गुरांच्या दवाखान्यात नेली.

परत आल्यावर तिने आबांना सांगितलं ते मी कोनाड्यातून ऐकलं. खाज कापसाची नव्हती. कापशीला पिसवांचं वावडं होतं; एक जरी चावली तरी अंगभर आग व्हायची. सुई दिली की आराम पडेल, पण पिसवा राहिल्या तर सुई पुन्हा पुन्हा लागेल, आणि ती बाहेरून विकत आणावी लागेल.

आबा म्हणाले, "एक सुईना पैसा देसू. मंग मांगू नको. नही तं कपाशीवरना किडासनी पावडर लाव."

"ती पावडर चाटीसन मरी जाई, डॉक्टरनी सांगेल शे," भिकुबाई म्हणाली. "रोज बारीक फणी फिरवानी, पिसू निंघनी का साबनना पानीमा बुडावानी. तेले पैसा लागत नही."

एवढं बोलून ती कोनाड्याकडे वळली. मांजरीच्या अंगावरून फिरलेली फणी पुन्हा माणसाच्या डोक्याला लावत नाहीत. भिकुबाईलाही ते कळत होतं. तिने लिलाचे केस एकेक करून माझ्या दातांतून सोडवले, गुंडाळून चोळीत ठेवले आणि म्हणाली, "पोरनी मांजर, पोरनीच फणी."

मग रोज सांजेला कापशी तिच्या मांडीवर आणि मी तिच्या हातात. तिने गोधड्या उकळून उन्हात टाकल्या. आबांनी कुरकुरत का होईना, गोठा झाडून काढला. एका सुईवर भागलं. माघ गेला, फाल्गुन गेला, कापशीच्या पाठीवर मऊ लव आली. पण लिलाचे रेशमासारखे लांब केस आठवले की माझं मन कासावीस व्हायचं.

आखाजीला लिला आली. नाहून मायपुढे पाठ करून बसली. आता माझी पाळी, असं वेडं मन म्हणालं. भिकुबाईने कोनाड्यात हात घातला आणि माझ्या शेजारची प्लास्टिकची नवी फणी उचलली. मित्रांनो, त्या दिवशी मला फार रडू आलं.

जायच्या दिवशी लिलाने कापशीला टोपलीत घातलं आणि मलाही मागितलं. "लई जाय," भिकुबाई म्हणाली. टोपलीला फडकं बांधता बांधता तिचा हात थांबला. "पन मंग सांजले मी काय करू?"

सासरी लिलाचं वर्ष या मांजरीची वाट बघण्यात गेलं होतं. तिने फडकं सोडलं, कापशीला मायच्या मांडीवर ठेवलं, मला हातात घेऊन पांढऱ्या पाठीवरून एकदा फिरवलं आणि मायच्या मुठीत दिलं. मग मागे न बघता ती एसटीत चढली.

मित्रांनो, तुमच्या घरातलं मुकं जनावर खाजवू लागलं तर त्याला हुसकून लावू नका, त्याची पाठ नीट बघा. औषधाला पैसे कमी पडतात, ते मी बघितलं आहे. हात मात्र कमी पडू देऊ नका. लिला गेली त्या सांजेला कापशीच्या अंगावर एकही पिसू सापडली नाही, तरी भिकुबाई अंधार पडेपर्यंत मला फिरवत राहिली.